मोडनिंबचा मामा

मुक्ताबाईनं तीन वर्षांत सात माणसं मारली होती. त्यांतली चार तर जन्मालाच आली नव्हती. उरलेली तीन आपापल्या गावी दोन वेळची भाकरी खाऊन सुखात नांदत होती, आणि सोलापुरात आपली मयत झाली आहे हे त्यांच्या कानावरही गेलं नव्हतं.

तिचा धंदा घरं साफ करून देण्याचा. नवरा गेल्यावर ती मोहोळहून सोलापुरात आली, कुमठा नाक्याजवळच्या बोळात खोली घेतली आणि दुसऱ्यांच्या घरी धुणंभांडी करता करता हा धंदा तिनं उभा केला. हाताखाली चार बाया, जाळी काढायचे लांब दांड्याचे दोन झाडू, एक घडीची शिडी, सहा बादल्या आणि एक फोन. एवढ्या भांडवलावर अख्खं घर छतापासून मोरीपर्यंत एका दिवसात लखलखीत करून द्यायचं.

काम कमी नव्हतं. पण घर कधी साफ करायचं हे आठ दिवस आधी ठरवणारी माणसं थोडी. बाकीच्यांना पाहुणे एस्टीत बसल्यावर छताची जाळी दिसायला लागतात. मुलगी पाहायला येणार म्हणून, नवा भाडेकरू संध्याकाळी येणार म्हणून, सकाळी सातला फोन यायचा, "मुक्ताबाई, आजच्या आज." आणि मुक्ताबाई अशा कामाला कधी नाही म्हणायची नाही. सुरुवातीला एकदा म्हटलं होतं, तर त्या घरानं दुसरी बाई धरली ती कायमचीच. तेव्हापासून तिनं मनाशी बांधून टाकलं होतं, की आठ दिवस आधी सांगणारी माणसं सबुरीची असतात, ती थांबतात. घाईची माणसं थांबत नाहीत. मग थांबवायचं कुणाला, हे उघडच होतं.

पण थांबवायचं तर कारण लागतं. बाई आजारी आहे म्हटलं, तर गिऱ्हाईक म्हणायचं दुसरी पाठवा. रिक्षा मिळाली नाही म्हटलं, तर म्हणायचं उशिरा या, आम्ही घरीच आहोत. मयत झाली म्हटलं, की पलीकडचा माणूस गप्प व्हायचा. "अरेरे, या मग सवडीनं." पुढं दहा-बारा दिवस त्या बाईला त्या घरी न्यायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं. जिवंत गिऱ्हाईकं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि मेलेले नातेवाईक डोक्यात, असा मुक्ताबाईचा हिशेब होता. कुणाला कोण मेलेलं सांगितलं हे ती कधी विसरली नव्हती. एकाला दोनदा मारलं नव्हतं.

त्या गुरुवारी जुळे सोलापुरातल्या देवयानीबाईंचं घर होतं. देवयानीबाई शाळेतनं निवृत्त झालेल्या. मुक्ताबाईला सोलापुरात पहिलं काम दिलं ते त्यांनी, आणि पुढं तिचा नंबर ओळखीपाळखीत वाटला तोही त्यांनीच. आज तिची निम्मी घरं बाईंच्या शब्दावर आलेली होती. बाईंचे यजमान देवदत्त सर तीन आठवडे दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. शुक्रवारी सकाळी घरी सोडणार होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात धुळीचा कण नको. सरांच्या खोलीत तर छतापर्यंत पुस्तकांची फळकुटं. बाईंनी दहा दिवस आधीच फोन करून दिवस धरला होता. "मला एकटीला होणार नाही मुक्ताबाई, गुडघे ऐकत नाहीत. तुम्ही याल ना नक्की?"

"येणार म्हंजे येणार," मुक्ताबाई म्हणाली होती.

गुरुवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. होटगी रोडवरच्या एका बंगल्याच्या मालकीणबाई. मुलगा शिवराज, त्याचा साखरपुडा कार्यालयात होता, तो काही कारणानं आता उद्या घरीच करायचा ठरला. अठ्ठावीस खिडक्या. दुप्पट देऊ, आणि काम पटलं तर दर महिन्याला तुम्हीच. नऊपर्यंत या.

"येते की," मुक्ताबाईच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं कॅलेंडरकडं पाहिलं.

देवयानीबाईंचा नंबर लावताना तिनं शकुंतलेचे नातेवाईक मनातल्या मनात धुंडाळले. बाईंचा जीव शकुंतलेवर, म्हणून त्या घरासाठी दर वेळी शकुंतलेचंच कुणीतरी मरायचं. मोडनिंबचा मामा झाला होता. मोहोळचा चुलतसासरा झाला होता. तिकडून "हॅलो" आलं आणि मुक्ताबाईला तिसरं कुणी आठवेना.

"बाई, लई वाईट झालं. शकुंतलेची सासू गेली रात्री."

मग बाई हळू म्हणाल्या, "अग बाई. कशानं?"

"बसल्या बसल्या."

"तुम्ही तिच्याजवळच थांबा. माझं मी बघते. घराचं काही मनात आणू नका."

फोन ठेवल्यावर मुक्ताबाईनं चहा गाळला, तो गोड झाला नाही म्हणून वर साखर घातली, आणि तरी तो तिला गोड लागला नाही.

टेंपोत बादल्यांमध्ये अंग चोरून बसलेल्या शकुंतलेनं विचारलं, "मावशी, आज बाईंचं घर हुतं नव्हं?"

"सांगितलंय त्यास्नी."

"काय सांगितलं?"

"सांगितलंय की."

शकुंतला चार वर्षं तिच्या हाताखाली होती. तिनं थोडा वेळ रस्त्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कोन मेलं?"

"तुजी सासू."

बाकीच्या बायका फसकन हसल्या. शकुंतला हसली नाही. "मावशी, ती घरात बसून लसूण सोलतीया."

"मग काय करू? तुला दुसरं कोन हाय का शिल्लक?"

"उद्या सर यायचेत घरी," शकुंतला म्हणाली. "बाई एकट्या हायत." एवढंच.

बंगल्याचं काम मात्र झालं झकास. अठ्ठावीस खिडक्या, दोन झुंबरं, जिन्याचा पितळी कठडा. मालकीणबाई खूश झाल्या, निघताना पेढ्यांचा पुडा दिला. सगळ्या दिवसात मुक्ताबाईला एकदाच कसंतरी झालं. कपाटावरची धूळ फडक्यानं ओढून घेताना ती नाकात गेली आणि तिला ठसका लागला, तेव्हा.

साडेपाचला टेंपो बोळाच्या तोंडाशी थांबला. बादल्या, झाडू, शिडी घेऊन बायका उतरल्या. शकुंतलेचं घर मुक्ताबाईच्या खोलीच्या मागंच. उंबऱ्याबाहेर काळ्या पट्ट्याच्या जुन्या चपला होत्या, टाचेकडं एका बाजूनं झिजलेल्या. घरंदारं झाडणाऱ्या बाईला घराच्या माणसांआधी घराच्या चपला पाठ होतात. मुक्ताबाई जागच्या जागी थांबली.

आत बाजेवर शकुंतलेची सासू सिद्धव्वा पाय वर घेऊन बसली होती. अक्कलकोटाकडची, सत्तरी ओलांडलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. समोर लोखंडी खुर्चीवर देवयानीबाई. दोघींच्या हातांत चहाचे कप. बाईंच्या पायाशी कापडी पिशवी, तीत डबा. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारीपाजारी भाकरी घेऊन जातात, ती रीत बाईंनी पाळली होती.

"या मुक्ताबाई," देवयानीबाई म्हणाल्या. "मी आज काय केलं माहीत आहे? दारात आले, यांनीच दार उघडलं, आणि मी यांनाच विचारलं, शकुंतलेच्या सासूबाई गेल्या ना, म्हणून. तर म्हणतात, मीच ती."

मुक्ताबाईच्या हातातली शिडी भिंतीला घासत खाली गेली.

"मी सांगितलं बाईस्नी," सिद्धव्वा घाईनं म्हणाली, आणि मुक्ताबाईकडं एकदा नीट बघून घेतलं. "काल सांजच्याला परसात डोक्यावर कावळा बसला की माज्या. कावळा डोक्यावर बसला की मरण आलं म्हंत्यात. मग आमच्यात रीत हाय, आपुनच पावण्याकडं सांगावा धाडायचा की म्हातारी गेली. तिकडं कुनीतरी रडलं, की हिकडचं मरण टळतं. मीच म्हटलं मुक्तीला, बाईस्नी सांग. त्या मायाळू हायत, त्या रडतील."

म्हातारीनं ही सगळी कहाणी दारात उभ्या उभ्या रचली होती. सून मुक्ताबाईच्या कामावर होती, घर त्यावर चाललं होतं. मुक्ताबाई उघडी पडली तर आपलं पान उपडं होणार, हे तिला शिकवायला नको होतं.

"मग, रडल्या का तुमी?" सिद्धव्वानं विचारलं.

"रिक्षात रडले थोडी," देवयानीबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी म्हणूनच निघाले होते. पण रडायला लागल्यावर ह्यांचंच मनात आलं. तीन आठवडे रडले नव्हते. तुमच्या निमित्तानं झालं म्हणायचं."

"तर मग टळलं," सिद्धव्वा म्हणाली. "आता शंभर वर्सं मरत न्हाय मी. सून बोंबलंल."

बाई हसल्या. हसताना त्यांनी कप खाली ठेवला आणि मुक्ताबाईला त्यांचे हात दिसले. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली, नखांच्या कडा लाल, उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. दिवसभर फिनेलच्या पाण्यात बुडालेले हात तिनं आयुष्यभर पाहिले होते, स्वतःचेच. बाईंनी न्हाणीघराला घातलेलं ॲसिडही उघड्या हातानं वापरलं होतं, हे तिला नखांवरून कळलं. फळकुटांवर चढायला स्टुलावर स्टूल ठेवलं असेल का, हे तिला विचारता आलं नाही.

बाईंचं लक्ष मात्र दाराकडं गेलं होतं. दारात शिडी, बादल्या, ओली फडकी. शकुंतलेच्या हातात पेढ्यांचा पुडा, तो ती पदराखाली सारत होती. चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाई. त्यांनी सगळं एकदा पाहिलं आणि त्या उठल्या.

"निघते. उद्या सकाळी लवकर दवाखान्यात जायचंय. डबा राहू दे, पिठलंभाकरी आहे. खा सगळ्यांनी. मुक्ताबाई, रिक्षापर्यंत येता का माझ्याबरोबर?"

बोळातनं दोघी चालल्या. बाई गुडघा जपत, एकेक पाऊल टाकत. मुक्ताबाई अर्धं पाऊल मागं. सिद्धव्वानं वाट करून दिली होती. कावळ्याची गोष्ट पक्की होती, बाईंनी ती ऐकून घेतली होती. आता गप्प राहिलं तरी चालण्यासारखं होतं. रिक्षा येईपर्यंत गप्प राहायचं, एवढंच.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "कावळ्याचं समजलं मला. रीत असेल. पण म्हातारी जिवंत होती, तर तुम्ही दुपारपर्यंत यायला हवं होतं. कुठे होतात?"

मुक्ताबाईच्या जिभेवर दोन-तीन कारणं आपसूक आली. तिला त्यांचीच शिसारी आली.

"होटगी रोडला," ती म्हणाली. "बंगल्यावर. सकाळी फोन आला, आजच पायजे म्हणाले. दुप्पट देतो म्हणाले. कावळा-बिवळा काय न्हाय बाई. म्हातारीनं मला झाकलं. मी खोटं बोलले."

बाई थांबल्या नाहीत. चालतच राहिल्या. पानपट्टीपाशी आल्यावर म्हणाल्या, "आणि तो मोडनिंबचा मामा?"

मुक्ताबाईनं मान खाली घातली.

"तुम्ही सांगितलं होतं, त्याला तीन मुली. धाकटी बारावीला. मी सरांची पुस्तकं दिली होती तिच्यासाठी, पिशवी भरून. त्यांनी स्वतः काढून दिली होती फळकुटावरून."

"व्हय."

"मग मी दोनदा विचारलं, काय झालं तिचं. पास झाली म्हणालात."

"व्हय."

"किती टक्के म्हणालात?"

हे मुक्ताबाईला चांगलं आठवत होतं. त्या वेळी बाईंच्या चेहऱ्यावर आनंद दिसला म्हणून तिनं आणखी दोन वाढवून सांगितले होते.

"एकाहत्तर," ती म्हणाली.

"सर किती खूश झाले होते. म्हणाले, बघ, बापाविना पोर, आणि एकाहत्तर." बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर मुक्ताबाईला बरं वाटलं असतं. "मामा जिवंत आहे का?"

"मामाच न्हाय बाई. शकुंतलेचं मोडनिंबला कुनीच न्हाय. तिनं त्ये गाव बी बघितलेलं न्हाय."

"पुस्तकं?"

"माझ्या माळ्यावर हायत. एकबी टाकलेलं न्हाय."

रस्त्यावरनं एक भरलेली रिक्षा गेली. मग दुसरी. बाईंनी हात केला नाही. मुक्ताबाईला वाटलं, आता बाईंनी एक मुस्काटात द्यावी, आपला नंबर ज्या ज्या घरी दिला त्या घरी जाऊन काय ते सांगावं. त्या घरांची नावं तिच्या डोळ्यांपुढून एकेक गेली. तरी त्या घरांपेक्षा तिला दवाखान्यातल्या खाटेवरचे सरच जास्त दिसत होते, न झालेल्या पोरीच्या टक्क्यांवर खूश होणारे.

"मी आत्ता येते," ती म्हणाली. "जे राह्यलं असंल ते करते. पैसे नकोत. रात्र झाली तरी चालंल."

"काही राहिलं नाही. मी केलं." बाईंनी चिंधी बांधलेला अंगठा मुठीत घेतला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "स्वयंपाकघरातला पंखा राहिलाय. तिथं हात पोचला नाही."

"मग येते की."

"आज नको. आज मला कुणी नको घरात." एक रिकामी रिक्षा येऊन थांबली. आत बसताना गुडघा अडला, मुक्ताबाईनं हात पुढं केला, आणि बाईंनी तो न घेता रिक्षाच्या दांडीला धरलं. बसल्यावर त्या म्हणाल्या, "परवा या. शनिवारी. शकुंतलेला घेऊन. पण फोन करू नका. फोनवर तुमचं खरं कुठलं हे मला आता कळायचं नाही. सरळ या आणि दार वाजवा."

रिक्षा गेली. मुक्ताबाई पानपट्टीशेजारी बराच वेळ उभी राहिली. पानपट्टीवाल्यानं विचारलं, "मावशी, काय पायजे?" तेव्हा ती वळली.

घरात सिद्धव्वानं डबा उघडून ठेवला होता. सगळ्या बायका गोल बसल्या होत्या. पेढ्यांचा पुडा कुणी फोडला नव्हता.

"मिटलं का?" सिद्धव्वानं विचारलं.

"सांगितलं मी त्यास्नी. खरं काय ते."

म्हातारीनं हातातली भाकरी खाली ठेवली. "मग मला कशाला कावळा बसवून घ्यायला लावलंस गं डोक्यावर? या वयात बाईम्होरं खोटं बोलले मी. लावून धरायचं तरी हुतं."

"मी कुटं म्हटलं हुतं तुला बोल म्हनून?"

"न बोलून काय करू? दारात बाई भाकरी घेऊन उभी, आन मी मेलेली."

शकुंतलेनं विचारलं, "मावशी, काम सुटलं का?"

"परवा बोलीवलंय. तुला बी."

शकुंतलेच्या डोळ्यांत पाणी आलं, ते का आलं हे मुक्ताबाईनं विचारलं नाही. सिद्धव्वानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर पिठलं घातलं आणि तिच्याकडं सरकवला. "घे. माझ्या मौतीचं हाय. तूच मारलंस, तूच पयला घास खा."

घास तोंडात घातला आणि कमरेचा फोन वाजला. सिद्धलिंगप्पा, चाटी गल्लीतले कापडवाले. मुक्ताबाईनं फोन कानाला लावला.

"मुक्ताबाई, परवा येता का हो? एकदम ठरलं. हैदराबादहून साडू यायलाय, घर बघवंना गेलंय."

"परवा न्हाय जमायचं," ती म्हणाली. "दुसऱ्या घरी शब्द दिलाय. रविवारी येते."

"दुप्पट घ्या की."

"न्हाय मालक. शब्द दिलाय."

तिला वाटलं, आता हे गिऱ्हाईक गेलं. पण सिद्धलिंगप्पा तसे दिलदार गडी. "बरं, बरं. रविवारी तर रविवारी. साडूला मागल्या खोलीत घालतो. आणि काय हो, तुमच्या दिराला वर्ष होत आलं असंल की आता. होटगीचे ते. आमची मंडळी परवाच आठवण काढत होती, लहान लेकरं मागं ठेवून गेले म्हणत होती. वर्षश्राद्धाला काय लागलं-सवरलं तर सांगा. धोतरजोडी काढून ठेवलीय मी दुकानात, तुमच्यासाठीच."

बायकांनी जेवण थांबवून तिच्याकडं पाहिलं. घास मुक्ताबाईच्या तोंडात तसाच होता. तिनं तो गिळला, पदरानं ओठ पुसले.

"मालक," ती म्हणाली, "दुकानात गर्दी न्हाय न्हवं? मग जरा बसा. तुमास्नी एक सांगायचं हाय."